सुई की पान

खारूचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. हातात येईल ती वस्तू दोन्ही मुठींत धरून ती कुरतडायची, म्हणून बाबाने तिला खारूताई म्हटलं आणि त्याचं पुढे नुसतं खारू झालं. पेन्सिलचं टोक, फ्रॉकची नाडी, रिमोटचं बटण, काही सुटलं नव्हतं. चार वर्षांची पोर. आता मोठी झाली, सुटेल सवय, असं आई म्हणायची, आणि बाबा म्हणायचा की त्यालाही नखं खायची सवय अजून सुटलेली नाही.

हे घर त्यांना नुकतंच मिळालं होतं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली सामाईक अंगण. खारूच्या आईला जवळच्या बेकरीत काम लागलं, म्हणून ते इथे आले. बाबा मालाचा ट्रक घेऊन घाटापलीकडे जायचा आणि घाटात शिरला की त्याचा फोन मुका व्हायचा. घरी खारूजवळ आजी, म्हणजे तिच्या आईच्या सासूबाई, असत. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता आणि दुसऱ्यात नुकताच धरला होता.

त्या दिवशी सकाळी सासूसुनेचं थोडं वाजलं. सून डबा भरता भरता म्हणाली, दिवसभर टीव्हीपुढे बसवून ठेवता तिला, खाली एवढं अंगण आहे, खेळू दे की जरा. सासूबाई म्हणाल्या, मला वरून नीट दिसत नाही गं. त्यावर सून म्हणाली, "अंगणात काय वाघ बसलाय?" आणि दार ओढून गेली. भांडण म्हणावं असं ते काही नव्हतं. अशी वाक्यं त्या घरात रोज पडत आणि संध्याकाळपर्यंत केराबरोबर निघून जात.

दुपारी ती बेकरीत पाव पिशव्यांत भरत होती, तेव्हा सासूबाईंचा फोन आला. खारू उलट्या करतेय, लाळ गळतेय आणि अंग गार पडलंय, एवढंच त्यांनी सांगितलं. ती पिठाच्या हातांनीच धावली. खारू जिन्याच्या पायरीवर आजीच्या मांडीत पडली होती. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते. आईने उचललं तेव्हा मान खांद्यावर अशी पडली, जशी झोपलेल्या मुलाची पडते, आणि ती झोपलेली तर नव्हती.

बेकरीच्या मालकाने माल पोचवायची गाडी दिली. मागे पावांचे ट्रे रचलेले, पुढे ड्रायव्हरशेजारी एकाच माणसाची जागा. सासूबाई दाराला धरून उभ्या राहिल्या. मी मागून येते म्हणाल्या, पण कशा येणार ते कुणालाच सुचलं नाही. गाडी निघाली.

गावाबाहेरचं ते रुग्णालय लहानच होतं. एकच मजला, एकच डॉक्टरीणबाई, वयाने खारूच्या आईएवढीच. तिने खारूच्या छातीवर तारा चिकटवल्या, पडद्याकडे बघितलं आणि सिस्टरला इंजेक्शन भरायला सांगितलं. नाडी फार मंद चालली होती. एवढ्या लहान मुलीची नाडी अशी कधीच नसते, ती म्हणाली. काय खाल्लं होतं? आईने सांगितलं, सकाळी दूध आणि पाव. औषधं कुठे ठेवता? वर, कपाटात. उंदराचं औषध, फिनेल? नाही, नाही.

मग खारूला पुन्हा उलटी झाली. सिस्टरने पुढे धरलेल्या ट्रेमध्ये पिवळट पाण्यात हिरवे हिरवे धागे तरंगत होते. बारीक, शिवणाच्या सुईएवढे. डॉक्टरीणबाईने त्यातला एक चिमट्याने उचलून उजेडात धरला.

"हे कुठलं झाड आहे?" तिने विचारलं.

खारूच्या आईला सांगता येईना. अंगणात झाडं होती. रोज ती त्यांच्यामधूनच कामाला जात होती. एकदा ओला टॉवेल वाऱ्याने उडून एका झुडपावर पडला होता, तो तिने स्वतःच्या हाताने काढला होता. तरीही ते झुडूप कसं दिसतं म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर काहीतरी हिरवं, एवढंच आलं. "हिरवं," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळून तिला रडू फुटलं.

विषबाधेबद्दल सल्ला देणारं एक केंद्र होतं. डॉक्टरीणबाईने टेबलावरच्या फोनवरून तिथे फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडचा माणूस वयस्क वाटला. बोलायला सावकाश, पण एक शब्द वाया न घालवणारा. त्याने आधी नाडीचा आकडा विचारला, मग रक्तदाब, मग म्हणाला की घरी कुणी असेल तर त्यांना झाडांपाशी उभं करा. नुसत्या धाग्यांवरून मला काही सांगता येणार नाही.

खारूच्या आईने स्वतःचा मोबाइल काढून सासूबाईंना लावला आणि टेबलावरच्या फोनसमोर धरला. सासूबाईंचा फोन साधा, मोठ्या बटणांचा. त्यातून फोटो निघत नसे. शेजारी सगळे कामावर गेलेले. म्हणजे या घटकेला त्या अंगणात बघायला होती ती एक म्हातारी आणि तिचे ते डोळे.

"कसली झाडं आहेत, आजी?" त्या माणसाने विचारलं.

"झाडासारखी झाडं आहेत," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा श्वास लागला होता. जिना उतरून आल्या होत्या.

तो चिडला नाही. एकेका झाडाजवळ जा आणि हात लावून सांगा, म्हणाला. थंडीचे दिवस आहेत. काही झाडांची पानं या दिवसांत गळून जातात. काहींची राहतात. आधी मला ते दोन गट वेगळे करून द्या.

पहिलं झाड फाटकाजवळ होतं. ते तर पार मेलंय, सासूबाई म्हणाल्या, नुसत्या काड्या आहेत. मेलेलं नसेल, तो म्हणाला, पानगळीचं असेल, पण त्यावर हिरवं पान एकही नाही ना? चाचपून बघा. नाही म्हणाल्या. मग ते सोडा, पुढे चला.

दुसरं भिंतीला लागून होतं. पानं बोटभर लांब, रुंद, चामड्यासारखी जाड. वरून गुळगुळीत, खालून खरबरीत. हे बारा महिने हिरवं राहणारं रुंद पानाचं झुडूप, तो म्हणाला. हे खाल्लं तरी नाडी मंद होते, उलट्या होतात. पण त्याला उपाय आहे. तुम्ही आत्ता करताय तोच. पुढे?

तिसऱ्याला हात लावल्यावर सासूबाई थांबल्या. "हे टोचतंय. म्हणजे तसं टोचत नाही, मऊ आहे. पण सुयाच आहेत. कंगव्याला दोन्ही बाजूंनी दात असतात ना, तशा."

"खाली फळं पडलीत का?"

त्या खाली वाकल्याचा आवाज आला. मण्याएवढं काहीतरी सापडलं, म्हणाल्या, चिरडलेलं, एका बाजूने उघडं, वाटीसारखं. रंग लाल असावा.

 फोनवरच्या माणसाने डॉक्टरीणबाईला उद्देशून हळू आवाजात सांगितलं की हे विषारी सूचिपर्णी झाड आहे आणि याच्या सुया पोटात गेल्या असतील तर हृदय कधीही दगा देऊ शकतं. यावर उतारा नाही. हृदयाचं काम काही काळ यंत्रावर चालवता येईल अशा मोठ्या ठिकाणी मुलीला न्यायला हवं, आणि ते आत्ता.

डॉक्टरीणबाईने ट्रेमधल्या धाग्यांकडे पुन्हा पाहिलं. लांब, बारीक, हिरवे. सुयाच होत्या त्या. आणखी काय असणार? तिने सिस्टरला रुग्णवाहिका दाराशी लावायला सांगितलं. मोठं रुग्णालय घाटापलीकडे होतं. गाडीत एक मदतनीस असेल, ती म्हणाली, मला हे रुग्णालय सोडून येता येणार नाही. वाटेत नाडी आणखी पडली तर त्याच्या हातात फारसं काही नाही, हेही मी तुम्हाला सांगायला हवं.

खारूच्या आईला हे सगळं ऐकू येत होतं आणि कळत नव्हतं. तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. अंगणात काय वाघ बसलाय. बसला होता. फाटकापासून भिंतीपर्यंत तो हिरवागार बसला होता आणि ती रोज त्याच्या अंगावरून हात फिरवत कामाला जात होती.

स्ट्रेचर आलं. खारूच्या तारा काढून उचलून नेता येणाऱ्या यंत्राला जोडायला सुरुवात झाली. गडबडीत मोबाइल टेबलावर तसाच चालू राहिला होता आणि त्यातून सासूबाई काहीतरी बोलत होत्या. कुणी ऐकत नव्हतं. खारूच्या आईने तो उचलला, तो बंद करायला.

"...माझी कात्री आहे गं इथे," सासूबाई सांगत होत्या. "अगं, ऐकतेस का? कात्री."

"आई, आत्ता कात्रीचं काय घेऊन बसलात?"

"पाण्याच्या टाकीमागे. भातुकली मांडलीय तिने. बाहुली बसवलीय, झाकणं आहेत, डबी आहे, आत काहीतरी बारीक बारीक. आणि स्वयंपाकघरातली माझी कात्री. तिची पाती चिकट लागताहेत. तिने भाजी चिरलीय."

खारूच्या आईने डॉक्टरीणबाईचा हात धरला. अनोळखी माणसाचा असा हात धरत नाहीत हे तिच्या ध्यानातही आलं नाही. तिने मोबाइल पुन्हा टेबलावरच्या फोनसमोर धरला आणि सासूबाईंना पुन्हा सांगायला लावलं.

केंद्रातल्या माणसाचा आवाज एकदम जवळ आला, जणू तो खुर्ची ओढून पुढे सरकला. आजी, डबीत जे आहे त्यातला एक तुकडा घ्या, तो म्हणाला. चिमटीत धरा. झाडावरची सुई जन्मतःच सुई असते. तिच्या दोन्ही कडा बंद असतात, मध्ये शीर असते, टोक निमुळतं असतं. पान कापून पट्टी केली असेल तर तिची कड उघडी असते, कच्ची, आणि शीर आडवी कापली गेलेली असते. घाई करू नका. डोळ्यांनी बघू नका, बोटांनी बघा.

सगळे थांबले. स्ट्रेचरचा पट्टा हातात घेतलेला मदतनीसही थांबला. फोनमधून कुठलातरी कावळा ओरडलेला ऐकू आला. खारूच्या आईने सासूबाईंना भाजी निवडताना कितीदा पाहिलं होतं. मोतीबिंदू झाल्यापासून त्या बोटांनीच निवडत आणि तरी एखादी काडी राहायचीच आणि सुनेच्या दाताखाली यायची. हे तिला नेमकं आत्ता आठवलं.

"कापलेलं आहे," सासूबाई म्हणाल्या. "दोन्ही कडा कापलेल्या. एक बाजू गुळगुळीत, एक खरबरीत. हे भिंतीजवळचं पान आहे."

"डबीत सुया आहेत का? मिसळलेल्या?"

डबीत नाहीत, पण बाहेर आहेत, त्या म्हणाल्या. बाहुलीच्या घराभोवती चिखलात सुयांच्या काड्या खोचल्यात, कुंपणासारख्या. काड्या आख्ख्याच लागताहेत हाताला.

म्हणजे सुयांना तिचा हात लागला होता. आणि हातातली प्रत्येक वस्तू कुरतडणारी ती पोर होती. डॉक्टरीणबाईने हे विचारलं नव्हतं तरी खारूच्या आईने तिला सांगितलं, कारण लपवून उपयोग नव्हता. डॉक्टरीणबाईने डोळे मिटले आणि उघडले. मुलीलाच विचारून बघा, ती म्हणाली.

आईने खारूच्या कानाशी तोंड नेलं. खारू, भाजी खाल्लीस का तू? खारूची पापणी हलली. टोचली का गं तोंडाला? खारू हललीही नाही. आईने तिचे गाल हातात घेतले, ते थंड आणि ओले होते. पुन्हा विचारलं, भाजी कशी होती, सांग ना मला, कशी झाली होती तुझी भाजी?

"चावलीच जात नव्हती," खारू म्हणाली. जीभ जड झाली होती. मग थोड्या वेळाने, "बाहुलीने पण नाही खाल्ली."

डॉक्टरीणबाई फोनवर त्या माणसाशी बोलली. तो म्हणाला, माझा कल रुंद पानाकडे आहे, पण मी अंगणात नाही आणि तुम्हीही नाही. तसं असेल तर मुलगी तुमच्याच देखरेखीखाली सुरक्षित आहे, या स्थितीत तिला घाटातून हलवणं वाईट. आणि माझं चुकत असेल तर तिला इथे ठेवणं वाईट. डॉक्टरीणबाई खारूच्या आईकडे वळली. ती म्हणाली की तिचंही मत ठेवण्याचं आहे, पण अर्धं मत त्या आजींच्या बोटांवर उभं आहे आणि त्या आजींना ती ओळखत नाही. तुम्ही ओळखता.

नवऱ्याचा फोन लागत नव्हता. विचारायला कुणी नव्हतं.

"आई," ती मोबाइलमध्ये म्हणाली, "खात्री आहे ना तुम्हाला?"

पलीकडून उत्तर आलं नाही. तिला वाटलं फोन तुटला. मग काहीतरी हालचाल ऐकू आली, एक खाकरल्यासारखा आवाज, आणि पुन्हा शांतता. "आई?"

"आहे," सासूबाई म्हणाल्या. "तेच पान आहे. पोरीला हलवू नकोस."

"इथेच ठेवा," खारूची आई म्हणाली.

पट्टे सोडले. तारा पुन्हा भिंतीवरच्या यंत्राला लागल्या. बाहेरच्या रस्त्यावर कुठेतरी अपघात झाल्याचा निरोप आला आणि रुग्णवाहिका निघून गेली. तिचा आवाज दूर जाऊन विरला तेव्हा खारूच्या आईच्या लक्षात आलं की आता मन बदललं तरी गाडी नाही.

त्यानंतरचा काळ तिला पुढे कधी नीट सांगता आला नाही. इंजेक्शनने नाडी वर यायची आणि हळूहळू पुन्हा खाली घसरायची. पडद्यावरची रेघ लांबत जायची, दोन उंचवट्यांमधलं अंतर वाढायचं आणि त्या अंतरात ती स्वतः श्वास धरून बसायची. मोतीबिंदू झालेली बाई. चहात साखर समजून मीठ घातलं होतं गेल्या आठवड्यात. माझ्या पोरीचा जीव मी तिच्या चिमटीवर ठेवला. मग तिला वाटे, आणि अंगणात कुणी पाठवलं होतं? तिने देवाला काही सांगायचा प्रयत्न केला, पण शब्द जुळेनात. तोंडात येत होतं ते एवढंच, की टोचलं नाही म्हणाली, टोचलं नाही म्हणाली. खरं तर खारू असं म्हणालीच नव्हती. त्या प्रश्नाला तिने उत्तरच दिलं नव्हतं.

एकदा नाडी इतकी खाली गेली की यंत्र वाजायला लागलं. डॉक्टरीणबाई धावत आली, औषध वाढवलं, सलाइन उघडं सोडलं. तिच्या कपाळावर घाम होता. तिने खारूच्या आईकडे पाहिलं नाही, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं.

खिडकीबाहेर ऊन पिवळं पडायला लागलं. दिवे लागले. मग कधीतरी सिस्टर म्हणाली, या वेळी औषध दिल्याला बराच वेळ झाला आणि नाडी अजून टिकून आहे. डॉक्टरीणबाईने मान हलवली, बघू म्हणाली. पुन्हा आली तेव्हाही टिकून होती. तिने खारूचा पाय दाबून पाहिला. तो कोमट होता. सुयांचं विष असतं तर असं झालं नसतं बहुतेक, ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. 

त्याच सुमाराला सासूबाई आल्या. कामावरून परतलेल्या शेजाऱ्याने दुचाकीवर आणून सोडलं होतं. हातात पिशवी. तिच्यात तिन्ही झाडांच्या फांद्या, डबी, कात्री, आणि का कोण जाणे, बाहुलीसुद्धा. त्यांनी खाटेकडे पाहिलं, खारूची छाती हलताना दिसेपर्यंत जवळ गेल्या, आणि मग खाली बसल्या. खुर्चीवर नाही, जमिनीवरच.

डॉक्टरीणबाईने विचारलं, मुलगी खेळत होती तेव्हा बरोबर कोण होतं? कागदावर लिहायचं होतं तिला.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "मीच खाली सोडलं तिला."

"मी सोडायला सांगितलं होतं," खारूची आई म्हणाली. "त्या नको म्हणत होत्या."

डॉक्टरीणबाईने दोघींकडे पाहिलं आणि काय लिहिलं ते कुणी विचारलं नाही. पण सासूबाईंच्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष गेलं होतं. ओठ पांढरे पडले होते. तिने वाकून त्यांचं मनगट धरलं आणि तुम्हाला काय होतंय म्हणून विचारलं. काही नाही, त्या म्हणाल्या, ओठांना मुंग्या येताहेत आणि जरा गरगरतंय. येताना रस्त्याच्या कडेला उलटी झाली, दुचाकीची सवय नाही. डॉक्टरीणबाई मनगट सोडेना. मग सासूबाई सुनेकडे न बघता म्हणाल्या, "खात्री आहे का विचारलंस ना तू. नुसत्या बोटांवर कसं सांगणार? ती म्हणाली चावली जात नव्हती. म्हणून चावून बघितलं."

"आई."

"थुंकलं मी. थोडं गेलं असेल पोटात. आणि सुया पण चावून बघितल्या, पण त्या नुसत्या दातांनी तोडल्या आणि लगेच टाकल्या. त्या कुडकुड तुटतात. पान नाही तुटत."

सिस्टरने त्यांना शेजारच्या खाटेवर निजवलं. त्यांच्याही छातीला तारा लागल्या. डॉक्टरीणबाई त्यांना रागावली, बराच वेळ, एखाद्या मुलाला रागवावं तशी, आणि त्या मुकाट्याने ऐकत राहिल्या. खारूची आई दोन खाटांच्या मधे उभी होती. एका हातात मुलीचा पाय, दुसऱ्या हातात सासूचा हात. त्या हाताची बोटं हिरवी झाली होती आणि नखांत माती होती. मग ती ओल्या रुमालाने एकेक बोट पुसत बसली.

खारू उजाडल्यावर जागी झाली. पाणी मागितलं. मग माझी चप्पल कुठे आहे म्हणाली आणि चप्पल नाही म्हटल्यावर रडली, चांगली मोठ्याने. सासूबाईंची गरगर तोपर्यंत ओसरली होती. आई खारूला चमच्याने पाणी पाजायला गेली तर अर्धं पाणी उशीवर सांडलं.   सिस्टरने चमचा तिच्या हातातून काढून घेतला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. खारूचा बाबा घाट उतरला होता. काल कितीदा फोन केला होतास मला, त्याने विचारलं, सगळं ठीक ना? मागे इंजिनची घरघर ऐकू येत होती.  तिने फोन शेजारच्या खाटेवर सासूबाईंच्या हातात दिला.

सासूबाईंनी तो कानाला लावला.

"गाडी आधी बाजूला घे," त्या म्हणाल्या. "घेतलीस? बंद कर इंजिन. मग सांगते."